राहू द्या

दंतवैद्यांच्या सासऱ्यांनी उभे आयुष्य न्यायदानात घालवले होते. निवृत्तीनंतर त्यातला न्याय गळून निदान दान तरी उरेल, अशी आशा बाळगणाऱ्या दोन्ही जावयांना त्यांनी पुरते निराश केले होते. म्हातारा काहीच देत नसे. शाबासकी देत नसे, सवलत देत नसे, समोरच्याला आपले वाक्यही पुरे करू देत नसे. आता मात्र गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे एक गोष्ट देणे त्यांना भागच होते: गोल्फ क्लबातली आपली सभासदाची जागा.

त्या क्लबाने नवे सभासद घेणे कधीच थांबवले होते. मैदान तेवढेच, माणसे मात्र वाढलेली. तेव्हा आत शिरायची वाट एकच राहिली होती. पायउतार होणाऱ्या सभासदाने आपली जागा एखाद्या नातलगाच्या नावे करायची, आणि तीही एकाच्याच. व्हरांड्यात येऊन बसायची मुभा मात्र त्याला पुढेही राही. न्यायाधीशांना मुलगा नव्हता. मुली दोन, म्हणून जावई दोन: थोरले दंतवैद्य आणि धाकटे लिफ्टची कामे घेणारे. घरात एकाला डॉक्टर म्हणत, दुसऱ्याला लिफ्टवाले. दोघेही वर्षानुवर्षे सासऱ्यांचे पाहुणे म्हणून तिथे खेळत आले होते, आणि पाहुणा म्हणजे फाटकावर नाव सांगून उभा राहणारा माणूस.

"मी तुम्हा दोघांचा सामना बघेन आणि मग ठरवीन," न्यायाधीश एका दुपारी चहा घेताना म्हणाले.

डॉक्टरांनी ऐकले ते असे: जो जिंकेल त्याला जागा. वाक्यात तसे कुठेही नव्हते. पण माणूस हव्यासाने ऐकू लागला की वाक्यातल्या रिकाम्या जागा आपल्या पदरच्या शब्दांनी भरतो, आणि मग ते शब्द समोरच्याचेच होते असे शपथेवर सांगतो.

डॉक्टरांचा हव्यास अकारण नव्हता. काही काळापूर्वी, क्लबातल्या चार वजनदार मंडळींसमोर, त्यांचा चेंडू होलपासून बुटाच्या लांबीवर येऊन थांबला होता. तिथून तो आत ढकलणे, ज्याला खेळणारे पट म्हणतात, हे डोळे मिटूनही व्हावे असे काम. डॉक्टरांनी पटर, म्हणजे पट मारायची काठी, उचलला, मागे नेला आणि ऐन वेळी त्यांच्या उजव्या मनगटाने, कोणी चिमटा काढावा तसा, एक झटका मारला. चेंडू होलच्या बाजूने निघून गेला. न्यायाधीश हसले. त्यांचे हसणे नाकातून सुरू होई आणि घशात जाऊन संपे.

"जावईबापू, दाढ काढताना तरी हात हलत नाही ना?"

हा विनोद न्यायाधीशांना इतका आवडला की त्यांनी तो पुढे प्रत्येक जेवणात वाढला. शेवटी डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेला एक रुग्णही, तोंडातला कापूस सावरत, "हात बरा आहे ना आता?" असे विचारता झाला. डॉक्टरांनी त्या दिवशी त्याला भूल जरा कमीच दिली.

मग त्यांनी त्या झटक्याचा पिच्छा पुरवला. दवाखान्यातून आले की ते दिवाणखान्यातल्या गालिच्यावर उभे राहत. मधले टेबल कायमचे भिंतीला लागले. बायकोच्या कुंड्या गच्चीवर गेल्या. डॉक्टरांचा सिद्धान्त असा होता की सातत्य हा गुण नसून सवय आहे, आणि सवय म्हणजे साचा. त्यांनी एका जुन्या पटरच्या मुठीवर दातांचा ठसा घेण्याचा गुलाबी लगदा थापला, तो घट्ट होईपर्यंत हातांची पकड तशीच धरून ठेवली आणि आपल्याच बोटांचा साचा तयार केला. असली साच्याची मूठ सामन्यात चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. नियमांचे पुस्तक त्यांना जवळजवळ मुखोद्गत होते. पण घरी रोज त्याच खाचांत तीच बोटे बसत राहिली की पुढे साध्या मुठीवरही ती आपोआप तिथेच जाऊन बसतील, हा त्यांचा तर्क होता, आणि तो खरा ठरला. तोंडात घालायचा छोटा आरसा त्यांनी चेंडूमागे ठेवला. त्यात स्वतःचा डोळा दिसला तर डोके जागेवर, नाही तर नाही.

अशाने हात सुधारला, मात्र एकांतात. झटका मुळात लोकांपुढे येत असे. तेव्हा डॉक्टरांनी बायकोला कामाला लावले. पट मारायच्या क्षणी तिने चमचा पाडायचा, वर्तमानपत्र चुरगाळायचे, खोकायचे. ती बिचारी खोकली. काही दिवसांनी खोकल्याचा उपयोग संपला.

"आता हस," डॉक्टर म्हणाले.

"कशाला?"

"बाबांसारखी हस. माझ्या मागे उभी राहा आणि तसंच हस."

"अहो, काहीतरीच काय! मला नाही जमायचं."

"त्यांची मुलगी आहेस ना? जमेल."

पहिल्या दिवशी ती ओशाळून हसली. डॉक्टरांनी ते नापास केले. नाकातून सुरू व्हायला हवे, म्हणाले. तिने पुन्हा केले, पुन्हा केले, आणि एका संध्याकाळी ते हसणे असे हुबेहूब उतरले की डॉक्टरांच्या मनगटाने जुना झटका मारला आणि चेंडू सोफ्याखाली गेला. नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली. तिला एवढे चांगले जमेल असे तिलाही वाटले नव्हते. त्यानंतर ती रोज हसू लागली, आणि कधीकधी तो चेंडूपाशी उभा नसतानाही. डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांचा झटका गेला होता.

सामन्याच्या सकाळी, बॅगा उतरवताना लिफ्टवाले त्यांच्याजवळ आले. हा माणूस अंगाने आडवा, आवाजाने मोठा आणि बोलण्यात सैल. चेंडू असा लांब मारी की बघणाऱ्याने टोपी सावरावी. पण होलजवळ आला की त्याचे अवसान गळे. डॉक्टरांना कारण ठाऊक होते. पूर्वी आपल्या मनगटात राहणारे ते भूत आता साडूच्या मनगटात बिऱ्हाड करून आहे, हे त्यांनी केव्हाच हेरले होते, आणि हेरूनही त्यावरचा उपाय जिभेवर येऊ दिला नव्हता.

"डॉक्टर, एक सांगू का? रागावू नका," लिफ्टवाले आवाज उतरवून म्हणाले. "होलपासून पटरच्या उंचीच्या आतले चेंडू आपण एकमेकांना सोडून देऊ. राहू द्या म्हणायचं, उचलायचा, पुढं जायचं. म्हातारा गाडीत बसून बघणार. त्याला हसायला फुकटचं कशाला द्यायचं?"

"हं," डॉक्टर म्हणाले.

"झालं तर मग! तुम्ही म्हणजे आपला माणूस." आणि लिफ्टवाल्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

दोघांच्या सामन्यात ही मुभा असते. चेंडू होलच्या अगदी जवळ असला तर प्रतिस्पर्धी 'राहू द्या' म्हणू शकतो. मग तो पट मारण्याची गरज नाही, आत गेला असेच धरतात. एकदा दिलेला पट मागे घेता येत नाही. मात्र देणे ही मर्जी आहे, कर्तव्य नव्हे. बहुतेक माणसे हा फरक कधी पडताळून पाहत नाहीत.

सामना सुरू झाला. बॅटरीवरच्या छोट्या गाडीत न्यायाधीश पुढे चालकाशेजारी बसले होते, मागे दोघी मुली. दर होलला गाडी ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या त्या कातरलेल्या हिरवळीच्या, कडेला येऊन थांबे आणि म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बघे.

लिफ्टवाल्यांनी शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. डॉक्टरांचा चेंडू होलच्या आसपास कुठेही थांबला की ते दुरूनच ओरडत, "राहू द्या, डॉक्टर! उचला, उचला!" डॉक्टरांना आरंभी ते सोयीचे वाटले. मग खटकू लागले. मग संताप येऊ लागला. ज्याच्यासाठी गालिचा झिजला, बायकोच्या कुंड्या उन्हात जळाल्या, तो छोटा पट सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत मारायची संधी हा मनुष्य औदार्याच्या नावाखाली हिरावून घेत होता. शेवटी एका होलवर त्यांच्याने राहवेना.

"राहू द्या," लिफ्टवाले म्हणाले.

"नाही, मी मारणार आहे."

"अहो पण दिलाय मी."

"तरी मारणार आहे."

ते उभे राहिले. बोटे आपापल्या जागी बसली, डोके हलले नाही, चेंडू सरळ होलच्या मध्यावर पडला. डॉक्टरांनी मान वर करून गाडीकडे पाहिले.

"निकाल लागल्यावर युक्तिवाद करणारे वकील मी पुष्कळ पाहिले," न्यायाधीश म्हणाले. "बहुतेक हरलेले असत. चला, गाडी घ्या पुढे."

लिफ्टवाल्यांनी मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या. "वा! काय हात आहे! घड्याळाचा लंबक नुसता!" डॉक्टरांना त्या टाळ्या त्या शेऱ्याहूनही अधिक झोंबल्या. आपले हसे झाले ते या माणसाच्या चांगुलपणामुळे, असा त्यांनी मनाशी निवाडा केला. त्या निवाड्यावर अपील नव्हते.

एवढे खरे की त्यांनीही लिफ्टवाल्यांचे छोटे पट दिले. आवाज चढवून नव्हे, नुसती मान हलवून. देताना दर वेळी साडूच्या खांद्यांवरून ओझे उतरताना त्यांना दिसे, आणि ते दिसणे त्यांना आवडू लागले होते. हे ओझे उतरवणे आपल्या हातात आहे, याचा दुसरा अर्थ काय होतो तेही त्यांच्या ध्यानात येऊ लागले होते.

शेवटच्या होलवर दोघे बरोबरीत आले. ग्रीनवर येईपर्यंत दोघांचे फटकेही सारखेच झाले होते; आता ज्याचा पट चुकेल तो हरणार. डॉक्टरांचा चेंडू होलपासून पटरच्या उंचीहून बराच अधिक दूर होता. ठरलेल्या सवलतीत तो बसत नव्हता. लिफ्टवाल्यांचा वीतभर अंतरावर. दूरच्याने आधी मारायचे, म्हणून डॉक्टर वाकले.

"राहू द्या हो," लिफ्टवाले म्हणाले. "तुमचा काय चुकतोय! मघाशी बघितलं ना आपण. दिला."

गाडीत धाकटी मुलगी हसली. "बघा भावोजी, आमचं माणूस कसं आहे!"

डॉक्टरांनी चेंडू उचलला, रुमालाने पुसला आणि खिशात टाकला. मग ते ग्रीनच्या कडेला जाऊन उभे राहिले.

लिफ्टवाले आपल्या चेंडूपाशी गेले. उचलण्यासाठी वाकले आणि सवयीने डॉक्टरांची मान हलण्याची वाट बघू लागले. मान हलली नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, त्याची एक काच पुसली, मग दुसरी.

"डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"घसा बसला की काय तुमचा? मान तरी हलवा."

"मारा ना," डॉक्टर म्हणाले. "एवढासा तर आहे."

लिफ्टवाले हसले, मग हसणे थांबवून त्यांच्याकडे नीट पाहू लागले. चेंडूकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. गाडीतून धाकटी म्हणाली, "अहो भावोजी, द्या की! वीतभर तर आहे."

"देणं बंधनकारक नाही," डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले.

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी काठीवरून हनुवटी उचलली होती. आज प्रथमच त्यांना रस वाटत होता.

"पण आपलं ठरलं होतं डॉक्टर. सकाळी. गाडीपाशी." लिफ्टवाल्यांचा मोठा आवाज एकाएकी लहान झाला होता. "तुम्ही हो म्हणालात."

"मी हं म्हणालो."

"मग?"

"हं म्हणजे ऐकलं. हो म्हणजे मान्य केलं. दोन वेगळे शब्द आहेत."

न्यायाधीशांच्या नाकात काहीतरी वाजले. थोरली मुलगी, म्हणजे डॉक्टरांची बायको, गाडीतून उतरली आणि दोन पावले पुढे येऊन थांबली. "अहो," ती हळू म्हणाली, "सोडा ना. काय होतंय?"

डॉक्टरांना ते ऐकूच आले नाही. त्यांचे सारे लक्ष साडूच्या उजव्या हाताकडे लागले होते. करंगळीपासून कोपरापर्यंत एक दोरी ताणली जात होती. आता अंगठा पांढरा पडणार, ते मनात म्हणाले, तो पडला. आता श्वास अडणार, तो अडला. दात कुठवर किडला आहे हे क्ष-किरणाच्या चित्रात बघावे तसे ते बघत होते. एका वाक्यात सांगता आले असते: श्वास सोडा, मूठ सैल करा, होलकडे बघूच नका. ते वाक्य त्यांच्यापाशी तयार होते. ते त्यांनी तोंडातच, दातांच्या बंदोबस्तात ठेवले.

लिफ्टवाल्यांनी पटर मागे नेला. मनगटाने झटका मारला. चेंडू होलच्या काठावर चढला, काठाने अर्धी फेरी मारली आणि पलीकडे जाऊन बसला.

म्हातारासुद्धा हसला नाही. लिफ्टवाले तेवढे हसले, थोडेसे, एकट्यानेच. टोपी काढून पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"अभिनंदन. तुम्ही मेहनत घेतलीत हो," ते म्हणाले. आणि त्यांना ते मनापासून वाटत होते, ही त्यातली असह्य गोष्ट. पुढे केलेला हात डॉक्टरांनी हातात घेतला, आणि वैद्याच्या सवयीने, सोडण्यापूर्वी क्षणभर नाडी बघावी तसा धरून ठेवला.

नंतर न्यायाधीशांनी डॉक्टरांना क्लबाच्या व्हरांड्यात एकट्याला बोलावले. मुली बाहेर गेल्या होत्या. टेबलावर कागद आधीच मांडलेला होता आणि त्यावर म्हाताऱ्याच्या सहीची शाई केव्हाच वाळलेली होती.

"घ्या. आजपासून जागा तुमची."

डॉक्टरांचे कान तापले. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्यांना प्रथमच काही दिले होते. "मी जिंकणार, याची मला खात्री होती," ते म्हणाले.

"कशाने जिंकलात?"

"सरावाने. पट सुधारला माझा."

"सुधारला खरा," न्यायाधीश म्हणाले. "पण त्याचा इथे काय संबंध? सही मी काल रात्री केली. हरला असतात तरी जागा तुम्हालाच होती."

डॉक्टरांनी सहीवरून बोट फिरवले; बोटाला शाई लागली नाही. न्यायाधीशांनी ते दृश्य थोडे उपभोगले.

"नीट विचार करा, जावईबापू. सभासदाला दर रविवारी पाहुणा आणता येतो. धाकट्याला जागा दिली असती तर त्याने पहिल्याच रविवारी तुम्हाला बोलावलं असतं, दुसऱ्या रविवारीही बोलावलं असतं. म्हणजे तुम्ही दोघेही माझ्या डोक्यावर. तो बडबड्या तर दिवसभर व्हरांड्यात बसून लिफ्टच्या गोष्टी सांगणार! या वयात मला रविवार शांत हवा आहे. तेव्हा असा माणूस शोधला, की जो दुसऱ्याला आत घेणार नाही." त्यांनी कागद बोटाने पुढे सरकवला. "आज थोडी धाकधूक वाटत होती. इतके पट दिलेत तुम्ही त्याला, की म्हटलं, माणूस ओळखण्यात आपली चूक तर झाली नाही? पण शेवटच्या होलवर शंका फिटली."

डॉक्टरांनी कागद घेतला. घडी घालताना कडेशी कड अचूक जुळली.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या मनात म्हाताऱ्यावर सूड घेण्याचा एक सरळ, स्वच्छ मार्ग तयार झाला होता. पुढच्याच रविवारी साडूला घेऊन यायचे. त्याच्या पुढच्याही. त्या बडबड्याला व्हरांड्यात सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसवायचे आणि लिफ्टच्या गोष्टी सांगायला लावायचे. एवढेच केले की निवाडा खोटा पडत होता, आणि तो खोटा पाडणे आता सर्वस्वी त्यांच्या हातात होते. या विचाराने त्यांची पावले जलद झाली.

लिफ्टवाले आपल्या गाडीत, जिच्यातून सकाळी दोन्ही जोडपी आली होती, दोघांच्याही बॅगा चढवत होते. डॉक्टरांची आधी, जपून. दोघी बहिणी गाडीला टेकून उभ्या होत्या. थोरलीने नवऱ्याच्या हातातला कागद पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

"मिळाली ना जागा?" लिफ्टवाले ओरडले. त्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला होता. "अरे वा! पार्टी पाहिजे, डॉक्टर! आणि काय हो, आम्हाला आता पाहुणा म्हणून आणणार ना? रविवारी मी मोकळाच असतो. तुमचा तो पट कसा काय सुधारला, ते मला शिकवा एकदा. माझं मनगट मेलं ऐन वेळी काय करतं, काही कळत नाही बघा."

उत्तर डॉक्टरांच्या ओठांवर होते. ते उच्चारायला त्यांनी तोंड उघडले. पण समोर तो घामेजलेला, आशेने उजळलेला चेहरा होता. हा चेहरा दर रविवारी आपल्या शेजारी उभा राहणार, आपल्या प्रत्येक पटाला टाळ्या वाजवणार, आपल्यासारखाच बरा होणार आणि एक दिवस आपल्याइतकाच सरळ मारू लागणार, हे त्यांना लख्ख दिसले. मनात त्यांनी फार प्रामाणिकपणे शोधले; या माणसासाठी तिथे जागा नव्हती.

दोन्ही बहिणी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

लिफ्टवाल्यांना त्या शब्दाचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. त्यांच्या बायकोला लगेच कळला. तिने पुढचे दार उघडले आणि आत बसून ते लावून घेतले. थोरलीने नवऱ्याची बॅग डिकीतून उचलली, त्यांच्या पायाशी ठेवली आणि बहिणीच्या गाडीत, मागच्या सीटवर जाऊन बसली.